एरियलखालचा रंग

आमचं गाव मारेगावपासून दोन कोस आत, रस्ता म्हणाल तं बैलगाडीची चाकोरी. बाप गावकीचं काम करे, म्हंजे निरोप पोचवणं. पाटलाचा निरोप, तहसिलीचा कागद, अन् कोणाकडं माणूस मेला का त्याच्या सोयऱ्याच्या गावी जाऊन सांगणं, हे बी आमच्याच घरावर. भर उन्हात सात-सात कोस चाले बाप, दारात उभा राहे, आत जाची सोय नव्हती, बाहेरूनच सांगे का तुमचा अमका गेला, अन् परत फिरे. छप्पन साली आमी दीक्षा घेतली तवा बापानं निरोपाची काठी चुलीत घातली, म्हणे आजपासून मयताचा निरोप आपल्या घरातून जाणार नाही. लोकं तोंडावर बोलले, पाठीमागं बोलले, पण बाप हलला नाही. हे कायले सांगून राह्यलो ते पुढं समजन तुम्हाले.

मी तवा फौजेत होतो, वायरलेसचं काम शिकलो. सुटून आलो तं वणीकडं जमिनीत कोळसा शोधणाऱ्याइचा कॅम्प पडला होता, तंबू, छेद पाडाची यंत्रं, चार जीपगाड्या. गाड्या जंगलात पंधरा-वीस मैल आत जात, तिकडून कॅम्पाशी बोलाले गाडीत सेट पाहिजे होता, अन् सेट बसवणारा माणूस पाहिजे होता. तो मी.

साहेब म्हणे दशरथ, कोणता सेट घेऊ? दोन होते. एक लहान, दिसाले देखणा, अन् एक जुना फौजेचा, बोजड, दोघाइनं उचला असा. मी म्हटलं बोजड घ्या साहेब, लहान्याचा आवाज नाल्यापलीकडं जाणार नाही. मंग साहेब म्हणे एरियल समोर लावू, बोनटपाशी, रुबाब दिसते. मी म्हटलं रुबाब दिसन, पण इंजिनाची खरखर कानात बसन, मागं लावा. मागं लावला. चांगला दहा फुटाचा गज, पळसाच्या फांद्याइत अटके म्हून सुतळीनं वाकवून समोर बांधून ठेवाचा अन् बोलाच्या टाइमाले सोडाचा. अन् सगळ्यात मोठी गोष्ट काय, तं एरियलच्या बुडाखालचा गाडीचा रंग खरवडून लोखंड उघडं कराचं. लोखंडाले लोखंड भिडलं पाहिजे. मधात रंग आला तं सेट चालूच दिसते, कॅम्पाच्या मोठ्या सेटचा आवाज गाडीत येते बी, पण गाडीतला आवाज जवळच जाते, दूर जात नाही. हे मी डायवर लोकाइले सांगितलं होतं का? नाही सांगितलं. माझं काम आहे, मले मालूम आहे, झालं, असं वाटे. घमेंड होती म्हणा ना.

चार डायवराइत एक महादेवराव. कळंबचे, कास्तकाराच्या घरचे, माह्यापेक्षा दहा वर्षं मोठे. पहिलं सालभर माह्या हातचा चहा घेतला नाही त्याइनं, म्हणत पोट बिघडते. मी बी कधी आग्रह केला नाही. मंग एकदा रानात गाडी फसली, त्याइचं पाणी संपलं, मी बाटली समोर केली. पाह्यलं बाटलीकडं, पाह्यलं माह्याकडं, अन् प्याले. त्या दिवसापासून रोज चहा माह्याच तंबूत. मी चिडवे, काय महादेवराव, पोट कसं आहे? ते म्हणत तुह्याच चहानं बरं झालं.

तं एकसष्ट सालचा दसरा. दसऱ्याले डायवर लोकं गाड्या धुवत, रंग मारत, हारफुलं, कुंकू, नारळ. अन् आमचा तो दीक्षेचा दिवस, म्हून मी धुतलेले पांढरे कपडे घालून गावी जाये. त्या साली बी गेलतो. दुसऱ्या दिवशी येऊन पाह्यतो तं महादेवरावची गाडी हिरवीगार, सेटवर कुंकवाचं बोट, एरियलले झेंडूचा हार. महादेवराव म्हणे दशरथ, तू नव्हता म्हून तुह्या कामाची पूजा राहून जाईन असं वाटलं, तं मी केली. एरियल खोलला, खाली गंज धरून राह्यला होता, तठी दोन हात रंग मारला अन् घट्ट बसवून देला. आता दहा वर्षं पाहाची गरज नाही.

मले तवाच समजलं. पान्हा खिशात होता, दहा मिनिटाचं काम. पण काय सांगू तुम्हाले, त्या माणसाचं तोंड पाह्यलं अन् हात निघाला नाही. सालभर चहा न घेतलेला माणूस, त्यानं माह्या कामाले कुंकू लावलं. आता त्याच्या डोळ्यादेखत मी खरवडाले बसलो तं तो म्हणन, याले आमची पूजा चालत नाही म्हून काढून राह्यला. म्हटलं चार दिवस जाऊ द्या, मंग गुपचूप करू. गाडी फाटकापाशी उभी केली, तंबूतून बोललो, आवाज साफ. एरवी मी पाच मैल दूर गाडी पाठवून पाहो. त्या दिवशी पाठवली नाही.

तिसऱ्या दिवशी महादेवराव लहान्या साहेबाले घेऊन जंगलात गेले, अठरा मैल. दुपारी नाल्याच्या चढावर गाडी फसली, महादेवराव चाकाखाली दगड द्याले उतरले अन् गाडी मागं आली, मांडीवरून गेली. साहेबानं गज सोडला अन् सेटवर बोलाले लागला. बोलतच राह्यला. इकडं मी बसलेलो. माह्या कानात नुसती बारीक खरखर. दर घंट्याले मी विचारो, महादेवराव, ठीक आहे का? जवाब नाही. वाटलं खोलगट जागेत असन, जंगलात असं होते. तीनले विचारलं, चारले विचारलं. अन् तिकडं माझा आवाज साफ जाये. साहेबानं मंग सांगितलं मले, का महादेवराव तुझा आवाज ऐकत, म्हणत, दशरथ आहे तिकडं, आता गाडी येते.

कॅम्पातून गाडी गेली ती जंगलातला एक कोलाम आदिवासी साहेबाची चिठ्ठी घेऊन आडवाटेनं पायी आला तवा. दिवस बुडाले आलता. आमी पोचलो तं महादेवराव गेले होते. रक्त जाऊन जाऊन. मी रडलो नाही. गाडीपाशी गेलो, एरियल खोलला, खालचा हिरवा रंग चाकूनं खरवडला, लोखंड उघडं केलं, परत बसवला. कोणी विचारलं नाही काय करतो म्हून. मोठा साहेब म्हणे दशरथ, तू त्याइच्या जवळचा, कळंबले तू जा, घरी सांग. बापानं जे काम चुलीत घातलं ते मी केलं. वहिनी दारात आली, मी उंबऱ्याबाहेर उभा राहून सांगितलं. अन् रंगाचं सांगितलं नाही.

चौकशी झाली. त्याइनं लिहिलं का घनदाट जंगलात आवाज पोचत नाही. मी सही केली. तवापासून कितीक गाड्याइत सेट बसवले, बसवतो, हात चालते, आत काही होत नाही. बायको म्हणते तुमी हसत बी नाही, भांडत बी नाही. काय सांगू तिले?

दर दसऱ्याले वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती माह्यासाठी सोनं पाठवते, आपट्याची पानं. अन् सोबत निरोप, का भाऊजी, शेवटी तुमचा आवाज त्याइच्या कानात होता, एकटे नव्हते, तेवढं समाधान आहे. आठ वर्षं झाली. पानं मी सेटच्या खोक्यात ठेवतो, फेकत नाही. मले लाज वाटते, पण ती बी आता सवयीची झाली.

तुमी लिहून राह्यले तं हे जसंच्या तसं लिहा. वहिनीची पोरगी मास्तरीण आहे, वाचून दाखवन तिले. मले माहीत आहे, हे बी मी दुसऱ्याच्या हातूनच सांगून राह्यलो. पण यंदाच्या दसऱ्याले मी गावी जाणार नाही, कळंबले जाणार आहे. तुमचं भलं होवो, लेकराबाळाइचं भलं होवो, एवढं माह्यासाठी नीट लिहा. मी दारात उभा राहीन. वहिनी आत या म्हणाली तं जाईन, नाही तं बाहेरूनच परत फिरन.