नजीरचा रिप्लाय

...नाही, पण मी म्हणतो, आपल्याकडे शब्दांचा दुष्काळ पडला होता का? उत्तर आहे, जबाब आहे, कोर्टात कैफियत आहे, बायकोनं दिलं तर उलट उत्तर आहे... तरी अख्ख्या नाशकाला पाहिजे काय, तर रिप्लाय! तुम्हाला सांगतो, एकवीस वर्षं मी ह्या पोस्टाच्या ओट्यावर लोकांची पत्रं लिहितोय, मोत्यासारखं अक्षर, आणि हा नजीर, कालपर्यंत बापाबरोबर भांड्यांना कल्हई लावत होता, आला, समोर पेटी मांडून बसला, की माझी गिऱ्हाइकं सगळी तिकडे. कशावर? एका रिप्लायवर!

त्याला अर्थ तरी ठाऊक असेल का, म्हणून एकदा मुद्दाम विचारलं. तर अगदी पोस्टमास्तरच्या थाटात ऐकवतो, साहेबाला लिहायचं तर आरंभी 'इन रिप्लाय टू युवर लेटर', वकिलाची नोटीस आली तर तिला रिप्लाय, तारेच्या उत्तराचे पैसे इथंच भरले तर रिप्लाय पेड, आणि घरच्या माणसाला शेवटी नुसतं 'रिप्लाय'. विंचूरची भागुबाई त्याच्यासमोर बसून मान डोलावते हो! माझ्यासमोर सात वर्षं बसली, कधी डोलावली नाही. जळतो म्हणता? जळतो. का जळू नये?

पण खरी आग पुढेच आहे. आमचं कुटुंब दिवाळीला भांडून देवळ्याला माहेरी गेलं. मी अकरा पत्रं टाकली, स्वतःच्या हातानं. काय तो मायना! 'सौभाग्यवती वज्रचूडेमंडित' इथून निघायचो ते 'अनेक उत्तम आशीर्वाद' येईस्तोवर कार्ड भरायचं... आणि तिकडून चकार शब्द नाही. होळी आली, भाकऱ्या थापून बोटं भाजली, शेवटी गर्दी ओसरल्यावर उपरण्यात तोंड लपवून गेलो नजीरकडे. त्यानं माझं बारावं पत्र वाचलं आणि हळूच म्हणाला, "काका, ह्यात सगळं हाय. पण तुम्ही विचारलं काय? चाची जबाब देणार कशाचा?"

एकवीस वर्षं... कुणी सांगितलं नाही हो मला.

मग त्यानं जोडकार्ड घेतलं. म्हणजे एक आपलं, त्यालाच जोडून दुसरं कोरं, उत्तराचं. कोऱ्यावर माझा पत्ता घातला, आपल्यावर लिहिलं, 'चुकलो. घर खायला उठतं. कधी येतेस? रिप्लाय.' संपलं! ना मायना, ना आशीर्वाद.

चौथ्या दिवशी उत्तर हजर. कशावर? एका रिप्लायवर! अक्षर तिथल्या मास्तरांचं, पण बोल हिचेच. 'गुरुवारी येते. हे पत्र तुमचं नाही, तुम्हाला एवढ्या थोडक्यात कधी आवरलंय? ज्यांनी लिहिलं त्यांना जेवायला बोलवा.'

जेवायला! मला कुणी कधी चहा पाजला नाही... तर आता हिला कळवायला हवं, म्हणून उभा आहे इथं, नजीरच्याच रांगेत. तुमचा नंबर आधी का? व्हा पुढे. मला एकच शब्द लिहून घ्यायचाय, 'बोलावतो'. माझ्या हातून लिहायला गेलो तर कार्ड पुरायचं नाही.