गॅस आहे, दुसरं काही नाही

...नको, नको, ओवा नका काढू! हात जोडते तुमच्यापुढं. गेल्या तीन महिन्यांत मी इतका ओवा चावलाय की घामालासुद्धा ओव्याचा वास येतो. ढेकर आला तर येऊ द्या, तुम्ही निवांत बसा. मला गॅस आहे, दुसरं काही नाही. पण खरं सांगू? तो आधी नव्हता. मी आधी सांगितला, आणि मग झाला! आजार आधी तोंडातून बाहेर पडला आणि मग पोटात शिरला, असं कुणाचं ऐकलंय तुम्ही?

तुम्हाला सांगते, आमची गुड्डी. एकुलती एक. नाशिकला दिलेली, सातवा महिना लागलेला. आता पहिलं बाळंतपण माहेरी, ही काय कुणी कुणाला विचारायची गोष्ट आहे का? आमच्या ह्यांनी, झुंबर नाव त्यांचं, इथं सायली गावात धाग्याच्या कंपनीत आहेत, दोन सुट्ट्या खर्च करून मागच्या खोलीच्या खिडकीला जाळी बसवली. झोळीसाठी छताला हूक ठोकला, आणि स्वतः त्याला लोंबकळून बघितलं, नातवंडाचं वजन पेलतं की नाही! सत्तर किलोचं नातवंड होणार होतं जणू. आणि मी आमच्या आमली भागातल्या दुकानात यादी टाकून आले. डिंक, सुंठ, खारीक, ओवा, हिंग आणि बाळंतशेप. बाळंतशेप म्हणून मागितली तर इथं दुकानदार नुसता बघत राहतो, सुवा म्हणावं लागतं. सव्वीस वर्षं झाली आम्हाला धुळ्याहून सिल्वासाला येऊन, एवढी गुजराती येते मला.

तर दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन सामान आणायला निघालेय, दुकान दहा पावलांवर, आणि फोन. "आई, मी काय म्हणते..." पोरगी लग्नानंतर ‘मी काय म्हणते’ म्हणाली ना, की समजायचं, म्हणणं दुसऱ्या कुणाचं तरी आहे. "मम्मी म्हणतात, इथंच करू बाळंतपण. तिकडे सगळ्या कंपन्याच कंपन्या, धूर... तिकडची हवा चांगली नाही ना, आई." मम्मी म्हणजे तिच्या सासूबाई.

हवा चांगली नाही! अगं, ह्याच हवेत बावीस वर्षं वाढलीस, ह्याच हवेत पळून शाळेत पहिली आलीस, तेव्हा कुठं होती तुझी मम्मी? पण हे मी बोलले का? कुठलं! मी म्हटलं, "बरं बाई, जशी तुमची सोय." आणि गिळलं.

पाय आपले चालतच राहिले, दुकानात जाऊन उभी. सामान बांधून तयार. आणि शेजारी कोण? आमच्या कोकिलाबेन! गल्लीत कुणाच्या कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते ज्यांना ठाऊक असतं त्या. "केम कावेरीबेन! सुवा, गुंद, सूंठ... सुवावड छे? गुड्डी क्यारे आवे छे?" सुवावड म्हणजे बाळंतपण. गुड्डी कधी येतेय म्हणून विचारलं त्यांनी, अगदी हसून, मनापासून. दुकानातल्या चार बायका वळल्या. आता काय सांगू? पोरगी येत नाही म्हणून सांगू? आईच्या घरची हवा वाईट निघाली म्हणून सांगू? तोंडातून निघूनच गेलं, "नाही हो, माझ्यासाठीच आहे हे सगळं. गॅस आहे, दुसरं काही नाही."

संपलं! तुम्हाला सांगते, माणसानं एकवेळ देव आठवला नाही तरी चालेल, पण चार बायकांत गॅसचं नाव काढू नये. संध्याकाळी कोकिलाबेन वाटी घेऊन दारात. "अजमो ने संचळ. चावी जाओ. मारी सामेज!" अजमो म्हणजे ओवा. संचळ म्हणजे आपलं... ते काळं मीठ हो, मराठीत त्याला जे नाव आहे ते मी चार माणसांत घेत नाही. माझ्या समोर चावा म्हणाल्या आणि खरंच समोर बसल्या! रोज. बरं, आपण सामान आणलंय तर ते संपतानाही दिसायला नको का? म्हणून बाळंतशेप भाजली, डिंकाचे लाडू वळले. बाळंतिणीचे लाडू, तिनं खायचे, तिला ताकद यायची... आणि मी बसलेय खिडकीत सगळ्यांना दिसेल अशी, एकटीच खात. तोंडात घास फिरायचा नुसता. आणि पोट? डिंकाचा लाडू घशाखाली ढकलायचा आणि नवव्या महिन्यात पोरीच्या पायांना सूज असेल का याचा विचार करायचा, मग पोट काय सपाट राहील? फुगलं! नगाऱ्यासारखं!

एक दिवस हे कंपनीतून आले ते डबा आपटूनच. "काय गं, गावाला काय सांगितलंस? सुपरवायझर मला विचारतो, झुंबरभाऊ, मिठाई कधी?" अहो, माझं पोट पुढं आलेलं, घरात सुवा आणि डिंक... एकोणपन्नासाव्या वर्षी मला दिवस गेल्याचं ठरवलं लोकांनी! हे म्हणाले, "आता बोल!" मी म्हटलं, "सांगा त्यांना, गॅस आहे, दुसरं काही नाही."

मी अपर्णाताईंकडे स्वयंपाकाला जाते, ह्यांच्याच कंपनीतल्या पुण्याच्या साहेबांच्या बायको. फार चांगल्या. त्या म्हणाल्या, "कावेरीताई, सगळं गटवर असतं. तुमचा गट बिघडलाय." मी म्हटलं, "नाही हो, आमचा गट चांगला चाललाय, दर महिन्याला मीटिंग होते." मला काय माहीत, इंग्रजीत आतड्याला गट म्हणतात! मला आपला बचत गट ठाऊक. मग त्यांनी मला सतरंजीवर पाडलं, गुडघे छातीशी धरायला लावले. पवनमुक्तासन. म्हणाल्या, "लाजू नका, मोकळं होऊ द्या." गुडघे छातीशी धरून मी पडलेय... आणि तुम्हाला सांगते, गुड्डी लहानपणी अश्शीच झोपायची, माझ्या पोटाशी, गुडघे दुमडून. मोकळं झालं खरं, पण पोट नाही, डोळे. अपर्णाताई घाबरल्या. "दुखतंय का?" म्हटलं, "छे हो. गॅस आहे, दुसरं काही नाही. डोक्यात चढला."

शेवटी डॉक्टर. त्यांनी पोट दाबलं, ठोकलं, कलिंगड बघतात तसं. म्हणाले, "पोटात गोळा येतो का?" मी म्हटलं, "पोटचा गोळा होता, डॉक्टर, तो नाशिकला असतो." ते हसले. त्यांना वाटलं, बाई विनोदी आहे. म्हणाले, "मावशी, तुम्ही हवा गिळता. जेवताना फार बोलता का?" बोलायला घरात आहे कोण! हे डबा घेऊन सकाळी जातात, आणि आले की तो डबा अडकवतात कुठं? त्या झोळीच्या हुकाला! मी रोज ते बघते, आणि घशाशी येतं ते परत आत लोटते. डॉक्टरांचं बरोबर होतं. हवाच गिळत होते मी. कुठली हवा, ते त्यांना काय सांगू?

पलीकडच्या घरात आमच्या आक्काबाई राहतात, अमळनेरकडच्या, तोंडात दात नाही एक. त्यांनी काहीच औषध दिलं नाही. माझ्याकडं बघून आपल्या बोलीत एवढंच म्हणाल्या, "पोटमा जे ठेवस ना माय, तेच फुगस. बोली टाक." बोलून टाक म्हणे! कुणाला?

आणि मग झाली. मुलगी. मोबाइलवर फोटो आला, दुपट्यात गुंडाळलेला एवढासा चेहरा, आणि बाजूला कुणाचा तरी बांगड्या घातलेला हात. माझा नव्हता, एवढं ओळखलं मी.

पंधरा दिवसांनी फोन. गुड्डी रडकुंडीला आलेली, मागं बाळाचा टाहो. "आई, हिचं पोट फुगतंय गं, पाय पोटाशी घेते आणि रडते. डॉक्टरांचे थेंब झाले. तू काय करायचीस मला?"

तुम्हाला सांगते, तीन महिने सगळं जग मला उपाय सांगत होतं, आणि पहिल्यांदा कुणीतरी मला विचारलं! म्हटलं, "कोमट पाण्यात हिंग कालव, बेंबीच्या भोवती लाव, बेंबीत नाही हं, भोवती. मग खांद्यावर उभी धर, पाठीवरून हात फिरव." ती तिकडं करतेय, मी इकडं कान लावून. पाच मिनिटं, दहा मिनिटं... आणि ढेकर! एवढासा. फोनमधून ऐकला मी. आयुष्यात एवढा गोड आवाज ऐकला नाही.

मग ती हळूच म्हणाली, "आई, तुझ्या हातची भाजलेली बाळंतशेप आहे का गं? इथली कडू लागते. पाठव ना."

मी डबा उघडला. रिकामा! तळाला चार दाणे. सगळी मी खाल्ली, लेकीची बाळंतशेप, लोकांना दाखवायला! पुन्हा दुकानात गेले, पुन्हा आणली, मंद आचेवर भाजली, नवीन डबा भरला. हे म्हणाले, "सकाळची नाशिकची गाडी आहे, तूच जा की घेऊन." मी म्हटलं, "तिनं ‘पाठव’ म्हटलंय. ‘घेऊन ये’ नाही म्हटलं." मग ह्यांनी हुकावरचा डबा काढला आणि कामाला गेले.

स्टँडवर गेले, कंडक्टरच्या हातात डबा दिला. म्हटलं, नाशिकला जावई येईल घ्यायला. तो म्हणाला, "मावशी, आत काय आहे? सांडणारं नाही ना?" म्हटलं, "नाही रे, गॅसवरचं औषध आहे." "गॅस कुणाला झालाय?" आता नातीला म्हणून सांगायचं ना? पण जिभेला वळणच पडलेलं, निघून गेलं, "मलाच."

तो हसायला लागला. "मावशी, गॅस तुम्हाला, आणि औषध नाशिकला?"

मी म्हटलं, "काय करणार बाबा, इथली हवा चांगली नाही."