दाविदाच्या खुर्चीवरचा शब्द

नाही, पास्कूकाका, हे मला नाही पटलं. तुम्ही आत्ता इथे उभे राहून म्हणालात, बस्त्याव सुतार म्हणजे गावाचा दागिना. मग तो दागिना वर्षभर उकिरड्यावर का टाकलेलात?

बसा, बसा काका. आता मी बोलतो. शाळेत भाषणं केलीत, गावासमोर हे पहिलंच. बस्त्यावकाकाला जाऊन महिना झाला, त्याची मिस, देवळातली प्रार्थना, आत्ताच झाली, तुम्ही सगळे देवळातून थेट इथे क्रूसापाशी आलात, ह्या उन्हात बसलात. उपकार आहेत तुमचे. पाटीलबाबा पण आलेत. बरं झालं आलात, पाटीलबाबा. आणि रोझाकाकी कोपर गावाहून होडीने आलीय, ती बघा, मागे भिंतीपाशी बसलीय. काकी, पुढे ये ना. नाही? बरं. मी मोठ्याने बोलतो.

बाबा, मला खाली बस म्हणून खुणा करू नका. इंग्लिश स्कूलात घातलंत ते चार माणसांत बोलता यावं म्हणूनच ना? मग बोलू द्या.

बस्त्यावकाका काही संत नव्हता. ताडी प्यायचा, वर गायचा, आणि गायचा तो बेसूर. आमच्या घराचा दरवाजा त्याने केलेला, पावसाळ्यात एकदा लागला की चौघांनी ढकलावा लागतो. पण ईस्टरआधीचे उपासाचे दिवस आले, ह्या क्रूसासमोर बायबलातल्या दाविद राजाचा खेळ लागला, की हाच बस्त्याव घोंगडी पांघरून नाथान व्हायचा. देवाचा माणूस. आणि राजा कोण? राजा कायम पाटील. आधी पाटीलबाबांचे वडील, मग पाटीलबाबा. दुसरा कुणी चालणारच नाही. कारण राजाची खुर्ची पाटलाची. फणसाच्या लाकडाची, बस्त्यावकाकानेच केलेली. वर्षभर पाटील तिच्यावर बसून गावाचे तंटे तोडतो आणि खेळाच्या दिवशी तिच्यावरच बसून राजा होतो.

खेळ तुम्हाला माहीतच आहे. दाविदाने दुसऱ्याची बायको घेतली, तिच्या नवऱ्याला लढाईत पुढे पाठवून मारवला. मग नाथान येतो. म्हणतो, राजा, एका श्रीमंताने एका गरिबाची एकुलती एक मेंढी ओढून नेली. राजा खुर्चीवरून गरजतो, कोण तो हरामखोर? मग नाथान बोट वर करतो. आपल्या खेळात तो विचारतो, नाव सांगू? आणि राजा खुर्चीवरून उतरतो, मुकुट काढतो, म्हणतो, नको सांगू. मीच तो. माझं चुकलं. ज्याचं त्याला परत.

मागच्या वर्षीच्या खेळाआधी सुट्टीत मी काकाकडे गेलेलो, रंधा मारत होता. मी म्हटलं, काका, मी इंग्लिश बायबलात वाचलं, ते शेवटचं ज्याचं त्याला परत तिथे नाहीच आहे. तो म्हणाला, मग काय आहे रे? मी म्हटलं, मेंढीची गोष्ट ऐकून राजा चौपट भरून द्या म्हणतो, पण ते दुसऱ्यावर चिडून. स्वतःचं पाप कळल्यावर तो परत देणार काय? तो माणूस मेलेला. काकाने रंधा ठेवला. म्हणाला, म्हणजे बघ. त्या राजाकडे परत द्यायला उरलंच नव्हतं. आपल्या गावातला राजा अजून वेळेत आहे.

मला तेव्हा काही कळलं नाही. मी हसलो. तोही हसला. म्हणाला, इंग्लिश शाळेत राजाला बोट दाखवायला शिकवतात का रे? मी म्हटलं, नाही काका, राजांच्या सनावळ्या पाठ करायला लावतात. म्हणाला, मग फी परत माग.

हसा. तो पण असाच हसवायचा.

आता त्याच्याआधी आलेल्या उधाणाचं बोलतो. खाडीचं पाणी बांध फोडून आत आलं, शेतांमधले बांध वाहून गेले. आपल्याकडे रीत आहे, बांध फुटला की घरटी एक माणूस चिखल वाहायला येतो. सगळे आलात. नवा बांध आखायची दोरी कुणी धरली? पाटीलबाबांनी. रीतच आहे, दोरी पाटलाने धरायची. आणि ती दोरी रोझाकाकीच्या खाचराच्या ह्या बाजूने जायची, ती त्या बाजूने गेली. काकीचा एवढासा तुकडा, नवऱ्यामागे उरलेला, तो पाटलाच्या शेतात जाऊन बसला. तुम्हाला दिसलं नाही? सगळ्यांना दिसलं! काकी बांधावर उभी राहून ओरडत होती, अरे, ती माझी चिंच दोरीच्या आत कशी गेली? आणि तुम्ही खाली मान घालून टोपल्या टाकत होतात. पाटलाने दोरी धरली, पण तो बांध तुम्ही घातलात. एकेक टोपली.

मग उपास आला. खेळ लागला. मागच्या वर्षीचा तो. मी राजाच्या दरबारात भाला घेऊन उभा होतो, खुर्चीच्या अगदी बाजूला. बस्त्यावकाकाने मेंढीची गोष्ट सांगितली. पाटीलबाबा, तुम्ही काय गरजलात हो! कोण तो हरामखोर! पोरं घाबरली. मग काकाने बोट वर केलं. विचारलं, नाव सांगू? तुम्ही तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, मेंढीचं नाव सांगतो. चिंचेचं खाचर. मालकीण तिथे बसलीय.

तुमचा हात मी बघितला, पाटीलबाबा. खुर्चीचा दांडा घट्ट धरलेला. मला वाटलं, आता हे उठून जातील. पण नाही गेलात. उतरलात. मुकुट काढलात. आणि म्हणालात. नाटकातल्यासारखं मोठ्याने नाही, हळू म्हणालात. मीच तो. माझं चुकलं. ज्याचं त्याला परत.

काकी रडली. बायका रडल्या. मी रडलो.

आणि दुसऱ्या दिवशी पाटीलबाबा म्हणाले, तो खेळ होता.

खेळ होता! मी पादरीबापांकडे गेलो, त्यांच्याशी भांडलो. ते म्हणाले, बाळा, खेळातलं पाप खेळातच माफ होतं. तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. खेळच तो! आणि बस्त्याव? त्याने खेळ बिघडवला. त्याला दरवाजा करायला सांगायचा नाही, होडी सांगायची नाही, खाट सांगायची नाही. आगेऱ्याच्या सणाला नव्या भाताची पहिली पेंढी घेऊन गाव देवळात गेलं, तेव्हा त्याला पालखीला हात लावू दिला नाहीत. ह्या वर्षी नाथान कोण झाला? पाटीलबाबांचा पुतण्या. त्याने बोट कुठे केलं? वर, आभाळाकडे! जसं काय मेंढी घारीने नेली.

सुताराला काम नाही म्हणजे काय, तुम्हाला माहीत आहे? त्याने रंधा विकला. ताप आला तेव्हा अंगात लढायला काही नव्हतं. त्याला पुरायची पेटीसुद्धा ठाण्याहून दुसऱ्या सुताराकडून करून आणली. वाकडी. त्याने बघितली असती तर पेटीतून उठून शिव्या घातल्या असत्या.

आता माझं ऐका. आमचे मास्तर विचारायचे, शास्त्रातला मोठा राजा कोण? पोरं म्हणायची, ज्याने राक्षसाला गोफणीने मारला तो. ज्याने सोन्याचं देऊळ बांधलं तो. मी पण तेच लिहायचो, मार्क मिळायचे. पण मी ते सगळं परत वाचलं. तिथे आधी राजाच नव्हता. लोकच शमुवेल नावाच्या म्हाताऱ्या देवमाणसाच्या मागे लागले, शेजाऱ्यांना राजा आहे, आम्हालाही द्या. म्हातारा म्हणाला, अरे, तो तुमची शेतं घेईल, पोरं घेईल, मग बोंबलाल. लोक म्हणाले, चालेल. उंचापुरा होता म्हणून शौलाला राजा केला. असे उंचेपुरे आपण पण बघितलेत. पुढे अहाब राजाला शेजाऱ्याचा द्राक्षांचा मळा हवा झाला, तर त्याच्यासाठी खोटे साक्षीदार उभे राहिले, गावाने दगड मारले, मालक मेला. दगड मारणारे कोण होते? राजा नव्हता. गाव होतं!

मग दाविद का मोठा? त्याने पाप केलं नाही म्हणून? अहाबाएवढंच केलं! मोठा एवढ्यासाठी, की नाथान बोट दाखवून घरी जिवंत गेला. त्याचं काम बंद झालं नाही. राजाने तो खेळ होता म्हटलं नाही. राजाचं काम एवढंच आहे हो. बोट आलं की खाली उतरायचं. आणि आपलं काम? बोट दाखवणाऱ्याच्या मागे उभं राहायचं. पाटीलबाबा, तुम्ही उतरलेलात. मी बाजूला होतो, मला माहीत आहे, तुम्ही खरंच उतरलेलात. परत वर कुणी बसवलं तुम्हाला? ह्यांनी. ज्यांनी दुसऱ्या दिवशी माना डोलावल्या, त्यांनी.

बाबा, संपवतो. शेवटचं.

पास्कूकाका, तुमचा आणि तुमच्या भावाचा विहिरीचा तंटा कुठे तुटला? ह्याच खुर्चीतून. पाटीलबाबा म्हणाले, विहीर दोघांची, आणि ती दोघांची झाली. तुमचा भाऊ दुसऱ्या दिवशी म्हणाला का, तो खेळ होता? खुर्ची तीच. माणूस तोच. क्रूस हाच, आणि ऐकणारे तुम्हीच.

बस्त्यावकाकासाठी आमच्या बापा ही प्रार्थना म्हणू या. पण तोंडाने नको. ओठसुद्धा हलवू नका. तोंडाने आपण पुष्कळ म्हटलं. गप्प उभे राहा, आणि जमलं तर मागे भिंतीपाशी बसलेल्या बाईकडे बघा. तिचं खाचर अजून आहे. चिंच अजून आहे. बांध मातीचा आहे, टोपलीने घातला तसा टोपलीने काढता येतो.

उठा. टोप्या काढा.

आणि गप्प राहून झालं, की मला नको, काकीला उत्तर द्या. त्या खुर्चीवरून, ह्या क्रूसासमोर पाटीलबाबा जे बोलले, ते तुम्हाला काय वाटतं, खरं होतं की खेळ?