शेवरलेटचं इंजिन

सोलापूरच्या एस.टी. स्टँडवर दुधनीच्या गाडीसाठी रांग लागली होती. पंचाहत्तर सालची गोष्ट. गिरणीत फिटर असलेल्या जोतीरामच्या कानावर मागून ‘इंजिन’ हा शब्द पडला आणि त्याने कान टवकारले. मागे एक बाई आणि तिचा दीर उभे होते.

“वैनी, दादाच्या शेवरलेटला कुठलं इंजिन बसवू म्हून मिस्त्री इचारतोय. जुनंच खोलून नीट करायचं, का डिझेलचं घालायचं?”

“दोन्हीत फरक काय, भावजी?”

“जुनं सहा सिलिंडरचं हाय. ताकद लई, पर पेट्रोल पाण्यावानी पितंय. डिझेलचं कमी खातं, पर चढाला दमतं.”

“आन् आवाज?”

“डिझेलचा ट्रॅक्टरवानी खडखड. जुन्याचा तुमाला ठावं हाय की.”

“व्हय. गाडी येशीत आली की घरात कळायचं.”

जोतीरामला राहवलं नाही. तो वळून म्हणाला, “जुनंच ठेवा, बाई. तसं इंजिन आता मिळायचं न्हाय.”

“नगं, भाऊ. मालक जाऊन साल झालं. तो आवाज आला की माझा हात त्येंचं ताट मांडाया जाईल. भावजी, डिझेलच घाला.”

दीराने हातातली पिशवी खाली ठेवली.

“परवा मिस्त्रीनं जुनं इंजिन चालू करून बघितलं, वैनी. मी गॅरेजच्या भाईर व्हतो. तितनंच मी ‘दादा’ म्हून हाक मारली.”

“मग?”

“मग काय, मिस्त्रीनंच ओ दिली.”