महाराणींना उभं करण्याचा उपाय

आदरणीय अध्यक्ष, म्हणजे आमच्या मुलांच्या हाडांची छायाचित्रं दर सहा महिन्यांनी गंभीर मुद्रेने न्याहाळणारे डॉक्टर, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या फिजिओथेरपीच्या बाई, आणि समदुःखी पालकहो,

मी पेशाने वार्ताहर. बाईंनी मला पाच मिनिटं दिली आहेत, आणि त्यांनी दिलेलं माप चुकवण्याची माझी छाती नाही.

आमची कन्या नऊ वर्षांची. घरात तिला महाराणी म्हणतात, कारण ती जागची हलत नाही. हलतो ते आम्ही. मेंदूला जन्मतःच इजा, त्यामुळे चालणं-बोलणं नाही. भार न पेललेली हाडं ठिसूळ होतात. दोन वर्षांपूर्वी मोजा चढवताना तिच्या मांडीचं हाड मोडलं. होय, मोजा. हाड जुळल्यावर हुकूम झाला: रोज अर्धा तास, इथे केंद्रात, स्टँडिंग फ्रेममध्ये पट्ट्यांनी बांधून उभं करा. महाराणींनी हुकूम फेटाळला. फ्रेम दिसली की भोंगा सुरू!

मग माझ्या हातून पुण्यकर्म घडलं. मी तिच्या पावलांना आधार देणारे प्लॅस्टिकचे स्प्लिंट आठवडाभर उलटसुलट चढवले, डावा उजव्यात, उजवा डाव्यात. आणि वर ‘सदोष निर्मिती’विषयी बाईंना तीन पानी पत्र धाडलं. भरघोस संस्कृत समासांसह. बाईंनी पत्र वाचलं, फ्रेममध्ये रडणाऱ्या कन्येचे पाय पाहिले.

“काय हो, कचेरीत जातानाही बूट असेच घालता?”

“नाही, पण...”

“मग हिनं तुमचं काय घोडं मारलंय? एवढं संस्कृत शिकलात, डावं-उजवं तेवढं राहून गेलं?”

आणि भोंगा थांबला. फ्रेममधून खळखळून हसू आलं! बापाची खरडपट्टी ऐकत महाराणी चाळीस मिनिटं उभ्या राहिल्या. तेव्हापासून हाच उपचार. आमच्या सौभाग्यवतीही मला बोलतात, नाही असं नाही. पण ते कन्या जन्मापासून ऐकते आहे, त्यात नावीन्य उरलेलं नाही.

आता बाईंच्या जागी आलेल्या नव्या ताई. स्वभाव इतका गोड! “काका, किती छान बांधलात पट्टा!” परिणाम? चार दिवस महाराणी उभ्याच राहिलेल्या नाहीत. तुम्ही हसताय; मला मात्र तो मोजा आठवतो. बाई, तुम्ही गेल्यावर मला रागावणार कोण?

आत्ताही तिला दाराशी फ्रेममध्ये ठेवून आलोय. भोंगा ऐकू येतोच आहे. काय म्हणता, ताई? मोठ्याने बोला.

“काका, भाषण पुरे करा! गुडघ्याचा पट्टा शेजारच्या खुर्चीला बांधलाय तुम्ही! वार्ताहर ना? डोळे कचेरीत ठेवून येता का?”

...

ऐकलंत? हे हसू तिचं.

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शेवटी चुकल्यामाकल्याची क्षमा मागण्याची रीत आहे. माझी विनंती उलटी आहे. ताई, क्षमा करू नका. रोज अर्धा तास.