पांढरी चकती

न्हाय गं सारजे, भाकरी नगं, घशाखाली उतरायची न्हाय. तू बस हितं माझ्यापाशी. छकुलीला आत नेलंय — तास झाला आता, दुर्बीण घालून काढत्यात म्हणं. दोन वर्साचं लेकरू, आन् त्याच्या घशात दुर्बीण! डाक्टरनं छातीचा फोटू दावला. मी म्हणलं, रुपाया दिसतोय. तर म्हणला, आज्जी, रुपायाला एकच कड दिसती, हिला दोन हायत्या — ही बॅटरी हाय, बटनासारखी. अन्ननळीत अडकून बसलीय. वल्या जागी अडकली की आतनं जाळत सुटती, दोन तासात जखम करती. किती वाजता गिळली, असं तीनदा इचारलं त्यानं. मी म्हणलं, आज सकाळी.

तिकडं जिन्यात सूनबाईनं, राजलक्ष्मीनं, रणजितला धारेवर धरलंय. म्हणती, तुमच्याच गाडीच्या किल्लीतली असणार, कुठंबी टाकता. आन् माझं लेकरू खाली मान घालून ऐकतंय — किल्ली उघडून बघायचं बी सुचंना त्याला. आन् मी बसलेय तोंडाला पदर लावून.

अशी बघू नगंस माझ्याकडं. बरं, तुझ्यापासनं काय चोरायचं — काल दुपारीच गिळली. व्हय, काल! राजलक्ष्मी कामावर गेल्याली, रणजित उसाच्या फडात. मी भांडी घासत हुते, पोरीचा ठसका ऐकला आन् धावले. तोंडात बोट घालून बघितलं, काय लागलं न्हाय, नुसती लाळ गळत हुती. मग मी — आगं, आठव की, रणजितनं ल्हानपणी चाराणे गिळलं हुतं, तवा आपुनच न्हाय का केळी चारली? दुसऱ्या दिशी निघालं खाली. म्हणलं, हे बी निघंल. दोन केळी कुस्करली, खाईना तरी कोंबली. रातभर कण्हत हुती, सूनबाईला म्हणलं, दाढा येत असत्याल. आज सकाळी दूध पिलं आन् वकली, त्यात काळं रगात. तवा आणली हितं बारामतीला.

का न्हाय सांगितलं? कसं सांगू? आठ दिसामागंच राजलक्ष्मी म्हणत हुती, आत्याबाई, तुमच्यानं आता पळणं हुईना, पोरीला पाळणाघरात ठेवते. मी लई भांडले. म्हणलं, मी जित्ती असताना माझी नात परक्याच्या दारात? ती गेली की त्या घरात मला काय काम उरतंय गं? आता ह्या तोंडानं काय सांगू तिला?

किल्लीतली? न्हाय गं, किल्लीतली न्हाय. सारजे, मगापासनं तुझ्या तोंडाकडं बघतेय आन् जीभ रेटंना. हळदीकुकवाला वाण काय लुटलं मी? तेच ते — प्लास्टिकचे दिवे, तेल नगं वात नगं, कळ दाबली की उजेड. इंदापूरच्या बाजारातनं तीस वाटायला आन् एक घरला आणला. अख्ख्या आळीत मिरवले की, कुशाबाईचं वाण सगळ्यात झ्याक! त्याचं बूड आपटलं की खटकन निघतं, आन् आत ती पांढरी चकती. घरातला रिकामा दिवा काल मीच चुलीत घातला, कुणाच्या नदरंला पडाय नगं म्हणून. मला वाटलं, एकदा का पोरीच्या पोटातनं निघालं की कुणाला कळतंय.

तुझा कुठं ठेवलायस? देवापाशी? न्हाय? मग? नातवाला, सौरभला खेळाय — आगं, आन् बसलीस काय अशी! फोन लाव. उचलंनात? परत लाव! शेजारच्यांना लाव, कुणालाबी लाव, म्हणावं आधी त्याच्या हातातनं काढा. आन् मग तीसच्या तीस घरांत सांग — माझं नाव घेऊन सांग, कुशाबाईनं वाटलंय म्हणावं, तिच्याच नातीनं गिळलंय. मी? मी जाते, ते दार वाजवते, डाक्टरला कालची दुपार सांगते. राजलक्ष्मी ऐकतीय? ऐकू दे. तू जा. माझा हात सोड, सारजे — जा!