पहिला कॉलम श्री

नाही गं कनका, उभ्या उभ्या जाऊ नकोस. बस, घोटभर कापी टाकते — हो, आरोग्य शिबिराच्या फळ्यावरची ती यादी मीच केली. वेलचेरीभर शोधत फिरलीस, आणि अपराधी समोरच्याच दारात! सौम्या डॉक्टरांचं काम वर्षभर मी घरून करते, कुणाला सांगितलं नाही — बायकांचे फॉर्म, एकेकीची झाकली मूठ. ते कॉम्प्युटरवर चढवायचे आणि फळ्यावरच्या तक्त्यातून नावं गाळायची, एवढंच. त्यांच्याकडच्या श्रीवत्सनं शिकवलं होतं — कुठले कॉलम ठेव, कुठला टाक, एका ओळीत प्रोग्रामला सांगायचं. कॉलमला नावानं हाक मारा अक्का, म्हणायचा. मी आपलं आकड्यानं — दुसरा टाक. पहिला अनुक्रमांक, दुसरं नाव, मग वय, मग बाकीचं — चुकणार कुठे? पण मेली माझी सवय! कोरा कागद दिसला की आधी श्री. वाण्याची यादीसुद्धा त्याशिवाय होत नाही. या खेपेला तक्ता नवा, म्हणून अगदी पुढे एक रिकामा कॉलम घातला, वर लिहिलं श्री. झालं! सगळे एकेक घर सरकले. दुसरा म्हणून अनुक्रमांक गळला नि नावं तशीच राहिली. देवाला पुढे बसवलं आणि तुला चव्हाट्यावर — नाही, पाहिलं नाही उघडून. सोळा सोमवारांचं उद्यापन होतं, चुरमा व्हायचा होता, सीडी करून तशीच धाडली. तुझ्या सासूनंही वाचलं? तिला एकच गर्भ गेल्याचं ठाऊक, आणि तिथे तुझ्या नावापुढे तीन — अगं बाई! मी येते, तिच्या पाया पडते, सांगते चूक माझी. यादी सकाळीच काढून आणलीय, ती बघ, देवापाशी. — मी? छे, मी वाचत नाही गं, शपथ! टाइप करताना नुसती बोटं चालतात. तू धीर सोडू नकोस. देवी ओटी रिकामी ठेवत नाही. दिवाळीपासून तुझ्यासाठी शुक्रवार धरलेत मी, आंबटाला शिवत नाही — तिसऱ्या खेपेला तर पाचवा महिना होता, मुलगा होता म्हणे —

अशी काय बघतेस?

... हो. यादी परवा लागली. हो, दिवाळीपासून.

कनका, कुंकू तरी — बरं. राहू दे. जा तू. दार मी लावते.